अकरा घड्याळं आणि बहिऱ्या पेशी

४ मार्च

प्रिय मामा,

साष्टांग घालायला माझ्या खोलीत जागा नाही, म्हणून उभ्या उभ्याच नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. 'जंतूंना घड्याळं बसवून काय मिळणार, त्यांना कुठली गाडी पकडायची आहे?' हा तुझा प्रश्न मी आमच्या सरांना वाचून दाखवला. ते हसले नाहीत. ते गेल्या वर्षी एकदा हसले होते, त्यावर अजून त्यांचं भागतंय. फोनवर मी तुला सगळं नीट सांगितलं असतं, पण तू फोन उचलतोस तो 'बरं, ठेवतो' म्हणण्यापुरताच.

तर ऐक. मी पेशीच्या आत तीन जनुकं अशी बसवली आहेत की पहिलं दुसऱ्याला गप्प करतं, दुसरं तिसऱ्याला आणि तिसरं पुन्हा पहिल्याला. आपल्या घरी जेवायला बसल्यावर चालतं तेच. या भांडणात एक ठेका तयार होतो आणि त्या ठेक्यावर पेशी हिरवी चमकते, विझते, पुन्हा चमकते. अडचण एवढीच की प्रत्येक पेशी आपल्याच तालात असते. हजार पेशी, हजार ताल. म्हणून मी प्रत्येकीला एक निरोपाचं द्रव्य बनवायला शिकवलं. ते पेशीच्या भिंतीतून झिरपतं आणि शेजारणीला कळतं की इकडे काय चाललंय. मग शेजारीण आपला ताल थोडा पुढेमागे करते.

आणि मामा, जमलं. नखाएवढ्या काचेच्या पट्टीत हजारो पेशी दर पन्नास मिनिटांनी एकदम चमकतात, एकदम विझतात. तीन आठवडे झाले, चूक नाही. चोवीस एप्रिलला समिती येणार आहे. त्यांना पटलं तर मला इथे तीन वर्षांची नेमणूक. नाही पटलं तर मी माझा चहाचा मग आणि चपला घेऊन बाहेर. हे दुसरं मी फक्त लिहायचं म्हणून लिहिलं.

मामीच्या गुडघ्याचं काय ठरलं?

तुझी,
ठमी

११ मार्च

ठमे,

अनेक आशीर्वाद. त्यातले एक-दोन लागू पडले तरी पुष्कळ.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं, कारण माझा चष्मा हरवला होता आणि मी तो डोक्यावर ठेवूनच घरभर शोधत होतो. मामीला तुझं काम समजलं. मला ते समजलं नाही असं ती म्हणते, म्हणजे मलाही समजलं असणार.

एकदम चमकण्याचं तू मला काय सांगतेस? आमच्या दुकानाच्या भिंतीवर काय आहे? अकरा घड्याळं, सगळी एका बनावटीची, लंबक एका लांबीचे, सगळी एकाच सागवानी फळीवर. दुपारी बारा वाजले की अकरा घड्याळं एका सुरात ठोके देतात. गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून बघतं. मी त्यांना सांगतो, चांगली बसवलेली घड्याळं फळीतून एकमेकांचं ऐकतात. एकतीस वर्षं सांगतोय. म्हणजे तुझा शोध आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आधीच लागलेला आहे, फक्त समिती आली नाही.

आता एक अडाणी प्रश्न. आमच्या समोर शिवणाचा कारखाना आहे. दुपारी साडेबाराला साठ बाया एकदम बाहेर पडतात. लांबून बघणारा म्हणेल, काय ही एकी. एकी कसली, भोंगा वाजतो. त्यातल्या निम्म्या एकमेकींशी बोलतही नाहीत. तर तुझ्या त्या पेशी शेजारणीचं ऐकतात हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या खोलीत कुठे भोंगा नाही ना? शोधून बघ. सापडला नाही तर थोड्या पेशी बहिऱ्या करून ठेव. बहिऱ्याही ठेक्यात चमकल्या, तर काय समजायचं ते तू समजशील, तू शिकलेली आहेस.

मामीच्या गुडघ्याची वाटी बदलायची ठरली. सव्वीसला. मग तिकडेच तीन आठवडे व्यायाम करवून घेणार आहेत. मी चहा करायला शिकतोय. पहिला चहा मामीने झाडाला घातला. झाड अजून आहे.

तुझा मामा

१७ मार्च

मामा,

नमस्कार.

आभारी आहे. पाच वर्षं दिवसरात्र घासल्यावर घड्याळजी मामाकडून शिवणाच्या कारखान्याचं उदाहरण मिळणं, याहून मोठा सन्मान नाही.

सरांना विचारलं. ते म्हणाले, बहिऱ्या पेशी बनवायच्या म्हणजे ऐकणारं जनुक काढायचं, नव्याने वाढवायच्या, दोन आठवडे जाणार, आणि मिळणार काय, तर जे आपल्याला माहीत आहे तेच. गोषवारा पाठवून झालाय. पेशी चमकण्याची चित्रफीत संस्थेच्या दारातल्या पडद्यावर दिवसभर चालू असते. रखवालदार येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, 'या त्या चमकवणाऱ्या मॅडम.' आता मी त्याला काय सांगू, की माझ्या मामाला शंका आहे?

आणि विषय निघालाच आहे तर, तुझ्या भिंतीचं काय? तू एकतरी घड्याळ कधी फळीवरून काढून आतल्या खोलीत टांगून बघितलंस? नाही ना? एकतीस वर्षं टेंभा मिरवलास आणि एकदाही तपासलं नाहीस. मग माझ्या तीन आठवड्यांच्या मागे का लागला आहेस?

मामीला सांग, सव्वीसला मी दिवसभर तिचाच विचार करणार आहे. तुला सांगायला काही नाही.

ठमी

२ एप्रिल

ठमे,

आशीर्वाद.

मामीचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिला चालायला लावलं, ती चालली, नर्सबाईंना तिने स्वेटरची वीण शिकवली. डॉक्टरांनी जुनी वाटी मला दाखवली, पार घासून गेली होती. त्यांनी विचारलं, यांना रोज खूप चढउतार असते का? मी छाती पुढे काढून सांगितलं, छे, आम्ही तळमजल्यावर राहतो, घरात एकसुद्धा पायरी नाही.

इथे बाकी सर्व क्षेम. घड्याळंही क्षेम. मुळात तू घड्याळांचा विषय काढलासच का, ते मला कळलं नाही. चार नंबर हवेमुळे किंचित मागे आहे. सात नंबरही. हवा दोन-तीन दिवस जरा विचित्रच आहे, त्यामुळे नऊ नंबर पुढे आहे. काल एका गिऱ्हाइकाने विचारलं, किती वाजले? मी म्हटलं, तुम्हाला किती वाजायला हवेत? त्याला विनोद वाटला.

तुझ्या बहिऱ्यांचं काय झालं? केल्या नसशील तर राहू दे. म्हाताऱ्याचं काय एवढं मनावर घ्यायचं.

मामा

९ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी रागावलेली नव्हते. राग अठरा मार्चलाच संपला. त्या दिवसापासून मी बहिऱ्या पेशी बनवत होते, कुणाला न सांगता. सर समोरून आले की मी दुसऱ्याच भांड्यावर झाकण ठेवायची.

काल त्या तयार झाल्या. ऐकणारं जनुक काढलं, दोनदा तपासलं, ठार बहिऱ्या. पट्टीत भरल्या, कॅमेरा लावला आणि समोर बसून राहिले. पन्नास मिनिटांनी सगळ्या एकदम चमकल्या. पुन्हा पन्नास मिनिटांनी पुन्हा. इतकं सुंदर दिसत होतं मामा, की मी त्याकडे पाठ करून बसले.

भोंगाही सापडला. पेशींना खाणं पुरवायला एक पंप आहे, बारीक नळीतून ताजं खाणं ढकलतो. तो दर पन्नास मिनिटांनी ढकलायचा. हे कुणी ठरवलं? मीच. दीड वर्षापूर्वी, या पट्टीवरच्या कामाच्या पहिल्या महिन्यात. सुट्या सुट्या पेशींचा ठेका साधारण पन्नास मिनिटांचा येत होता, म्हणून मला वाटलं, एक फेरी झाली की बिचाऱ्या दमत असतील, तेव्हाच खायला मिळालं तर बरं. आणि विसरून गेले. त्या शेजारणीचं ऐकत नव्हत्या. ताट वाढल्याचा आवाज ऐकून येत होत्या. साठ बाया आणि भोंगा.

सरांना आज सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावलं. मग म्हणाले, बहिऱ्या पेशी आपल्या गोषवाऱ्यात नाहीत, त्यामुळे समितीसमोर आणायचं कारण नाही. कुणी विचारलं तर सांगू. मग थोड्या वेळाने म्हणाले, विचारणार नाहीत.

आणि खरंच विचारणार नाहीत. विचारणारा एकच माणूस आहे आणि तो समितीत नाही. पंधरा दिवस उरलेत. गप्प बसले तर तीन वर्षं मिळतात. बोलले तर मग आणि चपला. मी काय करू? या वेळी टोमणा नको, सरळ सांग.

तू विचारलंच नसतंस तर किती बरं झालं असतं.

ठमी

१३ एप्रिल

ठमे,

तू सरळ सांग म्हणालीस. सवय नाही, पण बघतो.

मागच्या पत्रात मी हवा विचित्र आहे असं लिहिलं. हवेला काही झालेलं नाही. मामी इस्पितळात गेल्यापासून तिसऱ्या दिवशी चार नंबर दोन मिनिटं मागे पडलं. मी ते उघडलं, तेल दिलं, लावलं. दुसऱ्या दिवशी सात नंबर. आठवडा झाला आणि अकरा घड्याळं अकरा वेळा दाखवू लागली. दहाव्या दिवशी दुपारी बारा वाजायला लागले ते एकोणीस मिनिटं वाजतच राहिले. समोरच्या कारखान्यातली एक बाई बघायला आली, कुणी गेलं की काय म्हणून.

फळी तीच, लंबक तेच, मी तोच. मग बदललं काय? तुझ्या पत्रातला तो टोमणा माझ्या डोक्यात बसला होता, कधी तपासलंस का म्हणून. मी तपासलं. कपाटामागे मामीचं उंच स्टूल आहे. रोज सकाळी सातला मी आंघोळीला जातो तेव्हा ती त्यावर चढून घड्याळांची धूळ पुसते, असा माझा समज. स्टुलाच्या खालच्या दांडीला एक काडी बांधलेली सापडली. वीतभर लांब, टोकाला मऊ फडकं गुंडाळून दोऱ्याने घट्ट शिवलेलं. काटा ढकलायची काडी, काट्यावर ओरखडा येऊ नये अशी. इतकं नेटकं हत्यार माझ्या पेटीतही नाही.

काडी खिशात घालून इस्पितळात गेलो आणि तिच्या पांघरुणावर ठेवली. ती घाबरली नाही की लाजली नाही.

"सापडली का?" म्हणाली. "मला वाटलं होतं चार दिवसांत सापडेल. तुम्ही दहा लावलेत."

मी विचारलं, का केलंस? ती म्हणाली, दुकान उघडलं त्या वर्षी मी कुणाला तरी भिंत दाखवत होतो आणि नेमकी त्याच दिवशी दोन घड्याळं चुकली होती.

"तुमचा चेहरा बघवेना," म्हणाली. "रेडिओवर सातचे ठोके पडतात. तेवढ्यात लावून टाकायची. म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम आहे."

एकतीस वर्षं. रोज सकाळी. स्टूल सरकवायचं, चढायचं, उतरायचं, पुन्हा सरकवायचं, अकरा वेळा. मी कागदावर गुणाकार केला. सव्वा लाख वेळा चढली गं ती. आणि मी डॉक्टरला छाती पुढे काढून सांगितलं की आमच्या घरात एकसुद्धा पायरी नाही.

मला फार लाज वाटली, ठमे. तिथेच पलंगाशेजारी बसून राहिलो. तीच मला थोपटत होती, जसं काही गुडघा माझाच बदललाय.

आता तुझं. तू गप्प बसलीस तर ते टिकेल. नक्की टिकेल, माझं एकतीस वर्षं टिकलं. पण आपोआप टिकत नाही. कुणीतरी रोज सकाळी स्टुलावर चढत असतं. तुझ्या बाबतीत तूच चढशील, किंवा तुझ्यानंतर त्या खोलीत जी पोरगी येईल आणि तुझं काम पुढे न्यायला बघेल ती चढेल, आणि तिला कळणारही नाही की आपलंच काहीतरी का चुकतंय. सांगून टाक. चपला घालून इकडे ये, चहा मी करतो.

आणि एक. पंप बंद करू नकोस, पण त्याला थांबत थांबत ढकलू देऊ नकोस. खाणं सतत थेंब थेंब जाऊ दे. मग कुणी कुणाचं ऐकतं का ते बघ. मला माझ्या फळीवर अजून थोडा विश्वास आहे. निदान तुझ्या पेशींच्या बाबतीत.

मामा

२७ एप्रिल

प्रिय मामा,

चपला अजून इथेच आहेत. मगही. पण त्यांना फार ऐसपैस बसायला सांगितलेलं नाही.

पंप थेंबावर टाकला. पहिले चार दिवस नुसता गोंधळ. हजार पेशी, हजार ताल, तुझ्या बाराच्या ठोक्यांसारखं. सर रोज दारातून डोकावत आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघून जात. मीही आवराआवर सुरू केली होती. सहाव्या दिवशी सकाळी चित्रं बघत होते आणि पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात वीस-पंचवीस पेशी एकदम चमकल्या. मला वाटलं, योगायोग. मग त्यांच्या शेजारच्या चमकल्या, थोड्या उशिरा. मग त्यांच्या शेजारच्या. दोन दिवसांत ते पट्टीभर पसरलं. सगळ्या एकदम नाहीतच मामा. एका कोपऱ्यातून निघतं आणि शेजारणीकडून शेजारणीकडे जातं, पलीकडच्या टोकाला पोचायला अकरा मिनिटं लागतात. दारातल्या पडद्यावर लावण्यासारखं नाही. मधे मधे भोकं आहेत, दोन-चार पेशी तर कुणाचंच ऐकत नाहीत. बाजूच्या पट्टीत बहिऱ्या ठेवल्या होत्या. त्या शेवटपर्यंत आपल्याच तालात.

समितीसमोर मी आधी ती सुंदर चित्रफीत दाखवली. लोक पुढे झुकले. मग म्हटलं, हे सगळं खोटं आहे आणि याचं कारण मी आहे. पुढे झुकलेले मागे टेकले. मग पंप, मग बहिऱ्या, मग ती भोकाभोकांची लाट. एका बाईंनी विचारलं, पंपाचा संशय कसा आला? मी सांगितलं, घरात एक घड्याळजी आहेत. बाईंनी ते लिहून घेतलं. आता सरकारी कागदात तू आहेस, नाव नाही, धंदा आहे.

तीन वर्षं दिली नाहीत. सहा महिने दिलेत, लाट खरी आहे हे दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या पंपावर, दुसऱ्या माणसाच्या हातून दाखवा म्हणाले. बाहेर आल्यावर सर म्हणाले, 'आपण बहिऱ्यांचं केलं ते योग्यच केलं.' आपण! रखवालदाराने पडदा बंद केलाय आणि मला बघून तो खाली बघतो, जसं काही माझ्या घरी कुणी आजारी आहे. याचं मात्र वाईट वाटलं. घरी येऊन रडले. मग झोप इतकी चांगली लागली की दुसऱ्या दिवशी उशिरा पोचले.

मामी घरी आली असेल. ती कशी आहे ते लिही. आणि भिंत कशी आहे तेही.

तुझी,
ठमी

९ मे

चि. ठमीस,

पोटभर आशीर्वाद. या खेपेला पत्र मी लिहितेय. तुझा मामा तीन दिवस कागद घेऊन बसतो आणि 'लिहिण्यासारखं काही नाही' म्हणून उठतो. म्हणजे बरंच काही आहे.

मी बरी आहे. काठी घेऊन फाटकापर्यंत जाते. घरी आले तेव्हा बघते तर भिंत रिकामी, फळी खाली उतरवून खुर्चीच्या उंचीला ठोकलेली आणि त्यावर अकरा घड्याळं, अकरा वेळा दाखवणारी. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, खरं आहे तसंच राहू दे. गिऱ्हाइकांनाही तेच सांगतात, आणि सांगताना असा चेहरा करतात की गिऱ्हाईकच माफी मागतं.

मी चार दिवस सहन केलं. पण बाराचे ठोके वीस मिनिटं ऐकायचे म्हणजे काय ते तुला कळणार नाही. पाचव्या दिवशी दुपारी हे झोपले होते तेव्हा माझ्या हाताशी होतं ते एक घड्याळ रेडिओवर लावलं. एकच. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याच्या शेजारचं लागलेलं. मी काही विचारलं नाही, यांनी काही सांगितलं नाही. मग त्याच्या पुढचं मी लावलं. त्याच्या पुढचं यांनी. आता नऊ झालीत. तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होते, ते शेजारणीकडून शेजारणीकडे जाण्याचं आलं तेव्हा हे एकदम उठून दाढी करायला गेले. संध्याकाळचे पाच वाजले होते.

आता तू म्हणशील, हे तर पुन्हा लबाडीच झाली. नाही गं. कालच एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही आपोआप जुळतात का? हे म्हणाले, नाही, आम्ही दोघं जुळवतो.

तुझ्या सहा महिन्यांची काळजी करू नकोस. रखवालदाराशी तूच आधी बोल, बिचाऱ्याला काय बोलावं ते सुचत नसेल.

आणि हो, ते स्टूल. मला वाटलं, यांनी फेकून दिलं असेल. फेकलं नाही. पाय कापून बुटकं केलंय आणि वर उशी बांधलीय, बसलं की मी त्यावर पाय ठेवायचा. एकतीस वर्षं अचूकपणाच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाने चारातला एक पाय जास्त कापलाय, त्यामुळे ते डुगडुगतं. मी अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझी मामी